‘ठ’वरून देश नाही

‘ठ’वरून सुरू होणारा एकही देश जगात नाही. ठाण्यात वाढलेल्या मुलाला ही गोष्ट फार लवकर कळते आणि जरा लागतेही. नाव-गाव-फळ-फूल खेळताना एकाने मनातल्या मनात मुळाक्षरं म्हणायची, दुसऱ्याने मध्येच ‘स्टॉप’ म्हणून ओरडायचं आणि नेमका ‘ठ’ यायचा. मग नावाच्या रकान्यात ठकूबाई किंवा ठमी, वस्तूच्या रकान्यात ठोकळा, फळाफुलांच्या रकान्यांत दोन आडव्या रेघा. गावाला मात्र सगळ्यांचे हात झरझर चालायचे. आम्ही नौपाड्यात राहायचो, गाव म्हणजे ठाणे. सगळ्यांनी ठाणे लिहिलं म्हणून सगळ्यांना पाच-पाच. डोंबिवलीहून सुट्टीला येणारी एक मामेबहीण मात्र शांतपणे ‘ठाकुर्ली’ लिहायची आणि दहा घेऊन जायची. आमच्या लेखी ठाकुर्ली म्हणजे डोंबिवली सुटल्यावर कल्याणच्या आधी गाडी उगाच थांबते ती जागा. तिच्यासाठी ते शेजारचं स्टेशन होतं.

देशाचा रकाना पुढे कुणीतरी वाढवला आणि खेळाची चवच बदलली. ‘क’ आला की पोरं हसायची. कॅनडा, केनिया, कुवेत, कतार, क्युबा, कोलंबिया, कंबोडिया. ज्याला काहीच येत नाही त्यालाही ‘क’वर देश यायचाच, आणि म्हणूनच ‘क’वर दहा मिळवणं अवघड. ‘न’ही तसाच श्रीमंत: नेपाळ, नॉर्वे, नायजेरिया, न्यूझीलंड. ‘श’वर मात्र एकटी श्रीलंका. ‘थ’वर एकटं थायलंड, ‘घ’वर एकटं घाना, ‘ओ’वर एकटं ओमान. ‘ओ’वर कुणीतरी ऑस्ट्रेलिया लिहायचं आणि तिथून जे भांडण लागायचं ते संध्याकाळपर्यंत. ‘ऑ’ हा ‘ओ’चा भाऊ की परका? आमच्या घरी परका ठरला होता, समोरच्यांकडे भाऊ. दुसरं भांडण दक्षिण आफ्रिकेचं. ती ‘द’ची की ‘आ’ची? ‘द’ची म्हटलं तर दक्षिण कोरियाही ‘द’चा आणि उत्तर कोरिया ‘उ’चा, म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ वर्णमालेच्या दोन टोकांना. हे आम्ही मान्य केलं. मान्य केलं नसतं तर ‘द’वर लिहिणार काय?

रिकाम्या अक्षरांची यादी मी बरीच वर्षं डोक्यात घेऊन फिरते आहे. ख, छ, ठ, ढ, ध. यांच्यावर देश नाही. ही सगळी जोर लावून म्हणायची अक्षरं, शाळेत ज्यांना महाप्राण म्हणायला शिकवलं ती. आपण जगातल्या देशांची नावं बहुतेक इंग्रजी स्पेलिंगवरून उचलली आणि त्या भाषेला ख आणि ख-सारख्या अक्षरांची गरजच नाही. घाना तिथे ‘घ’ने सुरू होत नाही, इंग्रज जवळजवळ ‘गाना’च म्हणतो. आपण त्या स्पेलिंगमधला ‘एच’ पाहिला आणि प्रामाणिकपणे ‘घ’ लिहिला. थायलंडचा ‘थ’ असाच स्पेलिंगवरून आला, पण तो योगायोगाने बरोबर निघाला, थाई माणूस स्वतः तिथे ‘थ’च उच्चारतो. ‘भ’ची गोष्ट वेगळी. ‘भ’वर दोनच देश, भारत आणि भूतान, आणि दोघंही घरचे. ‘भ’वर गाव विचारलं तर भिवंडीपासून भुसावळपर्यंत रांग लागते, देश मात्र एवढेच.

अक्षरांचं नशीब मध्येमध्ये पालटतंही. आमच्या वेळी ‘उ’वर उरुग्वे आणि तो उत्तर कोरिया, संपलं. मग 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि एका ‘स’च्या जागी पंधरा देश उभे राहिले. ‘उ’ला उझबेकिस्तान मिळाला, ‘य’ला युक्रेन, ‘त’ला ताजिकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान. ‘क’ला आणखी दोन, कझाकस्तान आणि किरगिझस्तान. ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्यालाच पुन्हा मिळतं, त्यातला हा प्रकार. ‘झ’चं उलट झालं. झैर, झांबिया, झिंबाब्वे असं छान त्रिकूट होतं, त्यातला झैर 1997 मध्ये काँगो झाला. म्हणजे तोही ‘क’च्याच घरात. माझ्या वडिलांच्या पिढीला ‘स’वर सिलोन चालायचं, आम्हाला 1972 नंतर ‘श’वर श्रीलंका आली. वडिलांना ब्रह्मदेश ‘ब’चा, माझ्या मुलाला म्यानमार ‘म’चा. एकाच घरात एकाच देशासाठी दोन अक्षरं नांदत होती.

पोस्टाच्या तिकिटांनी हा घोळ आणखी वाढवला. त्या काळी ठाण्यात आणि डोंबिवलीत तिकिटं जमवणारी मुलं गल्लोगल्ली होती. वहीचं एकेक पान एकेका अक्षराला द्यायचं अशी पद्धत. आणि मग तिकिटांवर भलतीच नावं निघायची. हेल्वेशिया. हा कुठला देश? मोठ्या माणसांना विचारून कळायचं की तो स्वित्झर्लंड. त्यांच्याकडे चार भाषा, म्हणून तिकिटावर चौघींपैकी कुणाचंच नाव न घालता लॅटिन घातलं. मग तो ‘ह’च्या पानावर चिकटवायचा की ‘स’च्या? मग्यार पोस्टा लिहिलेलं तिकीट हंगेरीचं, सुओमी लिहिलेलं फिनलंडचं. रशियाच्या तिकिटावर आम्ही ‘सीसीसीपी’ वाचायचो आणि ते कशाचं लघुरूप असेल यावर तर्क लढवायचो. ती रशियन लिपी होती. तिच्यातलं ‘सी’सारखं अक्षर म्हणजे ‘स’ आणि ‘पी’सारखं दिसणारं अक्षर म्हणजे ‘र’. दिसायला इंग्रजी, वाचायला दुसरंच. सगळ्यांत अवघड तिकीट ब्रिटनचं. त्यावर देशाचं नावच नसतं, तेव्हा असायचा फक्त राणीचा चेहरा. 1840 मध्ये पहिलं तिकीट त्यांनी काढलं, तेव्हा दुसरा देशच रांगेत नव्हता, नाव कशाला लिहायचं? तो मान त्यांनी अजून सोडलेला नाही. राणीला कुठल्या अक्षराच्या पानावर चिकटवायचं याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. ती शेवटच्या कोऱ्या पानावर एकटी राहिली.

आता माझा नातू घोडबंदर रोडवर राहतो, इंग्रजी शाळेत जातो आणि हाच खेळ ‘नेम-प्लेस-ॲनिमल-थिंग’ म्हणून खेळतो. त्याच्याशी खेळायला बसले आणि जग हललं. त्याच्या ‘क्यू’वर एकटं कतार. आमच्याकडे ज्या कतारला ‘क’च्या गर्दीत उभं राहायलाही जागा नव्हती, त्याला त्याच्याकडे अख्खा बंगला. त्याच्या ‘वाय’वर एकटं येमेन; आमच्याकडे येमेनच्या शेजारी युगांडा आणि युक्रेन. त्याच्याकडे ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ रिकामे, जसे आमचे ठ आणि ढ. इजिप्त आणि इटली त्याच्याकडे वेगवेगळ्या घरांत, आमच्याकडे इराण-इराक-इस्रायलसकट एकाच ‘इ’च्या घरात. त्याचा जर्मनी ग्रीसच्या आणि घानाच्या घरातला, माझा जर्मनी जपान आणि जमैकाच्या. ओमान तेवढा दोघांकडेही एकटाच. आम्ही दोघांनी त्याबद्दल ओमानचं कौतुक केलं.

‘ही सगळी पोरखेळाची गोष्ट आहे’ असं आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला ऐकवलं. मला ते पटत नाही. हा खेळ मोठी माणसंही खेळतात, आणि फार गंभीरपणे खेळतात.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 193 देश बसतात, आणि ते इंग्रजी वर्णमालेप्रमाणे बसतात. पहिली खुर्ची कुणाची हे दर वर्षी महासचिव चिठ्ठी काढून ठरवतात, तिथून पुढे ए टू झेड. सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपदही दर महिन्याला इंग्रजी अक्षरांप्रमाणे सरकतं. 2021 च्या ऑगस्टमध्ये ते भारताकडे होतं. आदल्या महिन्यात फ्रान्सकडे, पुढच्या महिन्यात आयर्लंडकडे. 2022 च्या डिसेंबरमध्ये पुन्हा आलं, तेव्हा घानाकडून घेतलं आणि जपानला दिलं. यात कुणाचं मोठेपण नाही, कुणाचा वशिला नाही. केवळ एफनंतर, जीनंतर आय येतो म्हणून. वर्णानुक्रम ही जगातली सगळ्यांत निःपक्षपाती व्यवस्था मानतात, कारण तिला काही मत नाही. पण कुठल्या वर्णमालेचा अनुक्रम, हे विचारलं की तिच्यात मत दिसायला लागतं.

ऑलिंपिकच्या संचलनात हे उघड दिसतं, कारण तिथे यजमानाची भाषा चालते. ग्रीस पहिला, यजमान शेवटी, मधले बहुतेक सगळे यजमानाच्या अक्षरांप्रमाणे. 1988 मध्ये सोलला कोरियन क्रम होता आणि ग्रीसच्या पाठोपाठ घाना चालत आला. 2008 मध्ये बीजिंगला तर वर्णमालाच नव्हती. चिनी अक्षर काढायला किती फराटे लागतात यावर नंबर. ग्रीसनंतर गिनी आला, आणि इंग्रजीत कायम पुढे असणारा ऑस्ट्रेलिया पार शेवटाजवळ गेला. टोकियोत जपानी क्रम होता, भारत एकविसावा. मराठी क्रमाने कधी संचलन झालं तर अफगाणिस्तान, अमेरिका, अर्जेंटिना ही मंडळी पुढे असतील आणि ‘ह’वाले हंगेरी, हैती, होंडुरास शेवटी पाय ओढत येतील. अमेरिका इंग्रजीत ‘युनायटेड’च्या ‘यू’मुळे मागे असते, हे लक्षात घेतलं तर मराठी त्यांना फायद्याची आहे. आपल्या मराठी विश्वकोशात त्यांना ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ म्हणून ‘अ’मध्ये मानाने घेतलेलं आहे.

आयव्हरी कोस्टला हा क्रमाचा त्रास फार झाला. इंग्रजीत आय, फ्रेंचमध्ये सी, जर्मनमध्ये ई. प्रत्येक परिषदेत खुर्ची शोधत फिरायचं. शेवटी 1980 च्या दशकात त्यांनी सांगून टाकलं की आमच्या नावाचं भाषांतर करू नका, सगळ्यांनी ‘कोत दिव्वार’च म्हणायचं. तेव्हापासून ते सीच्या रांगेत स्थिर झाले. मराठी वर्तमानपत्रं अजून बिनधास्त आयव्हरी कोस्ट छापतात, तो भाग वेगळा.

मला सगळ्यांत आवडते ती मॅसिडोनियाची गोष्ट. युगोस्लाव्हिया फुटल्यावर तो स्वतंत्र झाला, पण ग्रीस म्हणाला की मॅसिडोनिया हे नाव आमचं, आमच्या एका प्रांताचं. 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो ‘द फॉर्मर युगोस्लाव्ह रिपब्लिक ऑफ मॅसिडोनिया’ अशा लांबलचक नावाने. आता याला बसवायचं कुठे? एमवर बसवलं तर ग्रीस चिडणार. ‘फॉर्मर’, म्हणजे माजी, म्हणून एफवर बसवलं तर मॅसिडोनिया चिडणार. माजी म्हणवून घ्यायला कुणाला आवडतं? मग तोडगा निघाला: ‘द’चा टी. पाव शतक हा देश थायलंडच्या बाजूला लोकलमधल्या चौथ्या सीटवरच्या प्रवाशासारखा टेकून बसला होता, निम्मा आत, निम्मा बाहेर. 2018 मध्ये दोघांचं जमलं, नाव ‘उत्तर मॅसिडोनिया’ ठरलं आणि 2019 मध्ये तो उठून ‘एन’मध्ये नायजेरिया आणि नॉर्वेच्या मध्ये जाऊन बसला. मराठीत यामुळे ‘उ’ला आणखी एक देश मिळाला, हे जाता जाता.

एकाच अक्षरावर दोघांचा हक्क आला की कुणाला तरी हलावं लागतं. कल्याणच्या प्रवाशाला हे शिकवावं लागत नाही. इंडिकेटरवर ठाण्याच्या गाडीला टी, कल्याणच्या गाडीला के, अंबरनाथला ए. इथपर्यंत सरळ. पण कल्याणला फाटे फुटतात आणि एकीकडे कसारा, दुसरीकडे कर्जत. मराठीत ‘क’, इंग्रजीत ‘के’, आणि के तर कल्याणने आधीच घेतलेला. म्हणून कसाऱ्याची गाडी ‘एन’ आणि कर्जतची गाडी ‘एस’. ईशान्येचा फाटा आणि आग्नेयेचा फाटा, त्यांच्या इंग्रजी नावांतली ही आद्याक्षरं. बाहेरगावचा माणूस एन पाहून नेरळ समजतो आणि कसाऱ्याच्या गाडीत चढतो. नेरळ तर कर्जतच्या वाटेवर. जुन्या माणसाला यात काही खटकतसुद्धा नाही. तीस वर्षं ‘एस’ पकडून बदलापूरला जाणाऱ्याने आयुष्यात कधी विचारलं नसेल की हा एस कशाचा. गाडी 1853 मध्ये ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली, म्हणजे के हे अक्षर पहिल्यांदा येणाऱ्याने घेतलं. कर्जत-कसाऱ्याच्या आधी रूळ कल्याणला टेकले, एवढाच त्याचा हक्क. ठाण्याला आलेल्या त्या पहिल्या गाडीची तीन इंजिनं साहिब, सिंध आणि सुलतान अशी सांगतात. तिघं एकाच अक्षराचे. त्यांचं कसं जमलं असेल कोण जाणे. पण तिघं एकाच गाडीला जुंपलेले असल्याने क्रमाचा प्रश्न आला नसावा.

मी आता राहते त्या डोंबिवलीत संध्याकाळी बाकावर बसलेल्या मंडळींना ‘मुलगा कुठे असतो?’ असं विचारलं की हा खेळ आपोआप सुरू होतो. जर्मनी, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, सिंगापूर. एका आजींचा मुलगा नेदरलँड्समध्ये आहे, पण त्या हॉलंडच म्हणतात. एका काकांचा जावई ‘इंग्लंडात’ असतो आणि तो प्रत्यक्षात स्कॉटलंडमध्ये राहतो. नातवंडं ‘यूके’ म्हणतात. मराठीत ‘यूके’ला ‘य’मध्ये टाकायचं म्हटलं तर जुन्या मंडळींच्या डोक्यातला ‘इ’ दुखावतो. हे लोक रोज व्हिडिओ कॉलवर त्या देशांशी बोलतात; तिथला पाऊस, तिथली महागाई यांना माहीत असते. पण यादीत तो देश कुठे येतो हे त्यांना त्यांच्या शाळेतल्या फळ्यावरून माहीत आहे, आणि तो क्रम काही केल्या बदलत नाही. मला यात काही चूक वाटत नाही. ज्याने दोन लिप्यांमध्ये जग मोजलंय त्याला एवढं तरी ठाऊक असतं की शेजारी कोण हे नकाशावर ठरतं तितकंच फळ्यावरही ठरतं, आणि फळा पुसता येतो.

आपल्या स्वतःच्या देशाचंच बघा. त्याच्या नावाला तीन अक्षरं आहेत. भारत म्हटलं तर ‘भ’, शेजारी भूतान. इंडिया म्हटलं तर ‘इ’, शेजारी इंडोनेशिया. हिंदुस्थान म्हटलं तर ‘ह’, आणि मग हैती-होंडुरासच्या संगतीत रांगेच्या शेवटी. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश काढला तेव्हा पहिल्या खंडाला ‘हिंदुस्थान आणि जग’ असं नाव दिलं. ‘ह’ येईपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती, देश आधी आणि वर्णमाला मागून. शहाणपणाचा निर्णय. घटनेने पहिल्याच कलमात ‘इंडिया, म्हणजेच भारत’ असं लिहून दोन अक्षरं ठेवून दिली. 2023 च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत जी-20 ची परिषद झाली तेव्हा पंतप्रधानांच्या पुढ्यातल्या पाटीवर इंग्रजीत ‘भारत’ लिहिलं होतं, आणि देशाचं नाव बदलणार का यावर आठवडाभर चर्चा झडली. अस्मितेवर बोलणारे पुष्कळ होते. खुर्ची कुठे जाईल हे कुणी विचारलं नाही. मला मात्र पहिला प्रश्न तोच पडला.

म्हणून मी नातवाला बसवून हिशेब केला. आज आमसभेत आपण आयमध्ये, आइसलंड आणि इंडोनेशियाच्या मध्ये. उद्या इंग्रजी यादीत ‘भारत’ लिहिलं तर आपण बीमध्ये जाऊ. बांगलादेश त्याच रांगेत, थोडा पुढे. एका हाताला भूतान, म्हणजे जिथे मराठीने त्याला आधीच बसवून ठेवलंय तिथेच इंग्रजीतही. आणि दुसऱ्या हाताला बेनिन. बेनिन म्हणजे कुठे, नातवाने विचारलं. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरियाच्या शेजारी. 1975 पर्यंत त्याचं नाव दाहोमी होतं आणि तो डीच्या रांगेत बसायचा, तिथून उठून बीमध्ये आला. तेव्हा उठून जागा बदलणं म्हणजे काय, हे नव्या शेजाऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही.